शब्दकोड्याचे सूत्र : ‘पाणी’ या शब्दावर एक पाठ



शब्दकोडे सोडविण्याचा नाद तुमच्यापैकी पुष्कळांना आहे. सकाळचे वर्तमानपत्र घरात आले की वडील बातम्या वाचतात आणि तुम्ही मागल्या पानावरील काळ्या-पांढऱ्या चौकटीची वाट पाहत बसता, हे मला ठाऊक आहे. परंतु कोडे सोडविणारे शंभर असले, तर कोडे रचू पाहणारा त्यांत एखादाच निघतो. कोडे सोडविताना आपणांस शब्द आठवावा लागतो. कोडे रचताना मात्र त्या शब्दाची कुळी, त्याचे सोयरेधायरे, त्याचे खरे अर्थ आणि फसवे अर्थ हे सारे तपासून पाहावे लागतात. म्हणून भाषेच्या अभ्यासास कोडे रचणे हे सोडविण्यापेक्षा अधिक उपकारक आहे, असे माझे मत आहे. प्रस्तुत पाठात एकच अगदी साधा शब्द घेऊ आणि त्याच्याभोवती कोड्याची सूत्रे कशी बांधावीत, ते पाहू. तो शब्द म्हणजे ‘पाणी’.

हाच शब्द का घेतला, याला एक कारण आहे. ते कारण माझ्या स्वतःच्या चुकीत आहे. आणि शिक्षकाने आपली चूक सांगितल्याने विद्यार्थ्यांचे नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो, म्हणून ती प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी वर्गासाठी एक कोडे रचले होते. जो प्रथम बिनचूक सोडवील, त्यास एक पुस्तक बक्षीस ठेविले होते. त्या कोड्यात तीन घरांचा एक आडवा शब्द होता. त्याचे दुसरे घर ‘ग’ आणि तिसरे घर ‘र’, ही दोन्ही उभ्या शब्दांवरून मिळत होती. पहिले घर मात्र कोणत्याही उभ्या शब्दात येत नव्हते. सूत्र मी असे दिले होते : ‘पाण्यावाचून शोभत नाही.’ माझ्या मनातील उत्तर होते ‘सागर’. एका मुलाने ‘मगर’ लिहिले, एका मुलीने ‘घागर’ लिहिले. ज्याने ‘सागर’ लिहिले, त्यास मी बक्षीस दिले आणि इतरांच्या कागदांवर लाल शाईने फुली मारली.

दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच ती मुलगी उभी राहिली. ती बाहेरगावाहून पायी शाळेत येत असे, आणि घरचे पाणी भरूनच येत असे. ती म्हणाली, “सर, सागर कोरडा झालेला मी कधी पाहिला नाही. पण उन्हाळ्यात विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत यावे लागते, तेव्हा ती किती वाईट दिसते, ते मला ठाऊक आहे. माझे उत्तर का चुकले?”

मजजवळ उत्तर नव्हते. मी सूत्र पुन्हा वाचून पाहिले. त्यात सागरास लागू पडेल आणि घागरीस लागू पडणार नाही, असे एक अक्षरही नव्हते. ‘शोभत नाही’ या क्रियापदावरून लिंगही कळत नव्हते. पुल्लिंगी सागर आणि स्त्रीलिंगी घागर दोन्ही त्यात सारखेच बसत होते. माझ्या मनात काय आहे, हे ओळखण्याची परीक्षा मी घेतली होती. भाषेची परीक्षा घेतलीच नव्हती. त्याच तासाला मी तीनही उत्तरे बरोबर असल्याचे वर्गापुढे जाहीर केले. बक्षीस मिळविलेल्या मुलाने पुस्तक आपण होऊन परत आणून दिले आणि ते वर्गाच्या कपाटात सर्वांसाठी ठेविले गेले. तेव्हापासून कोड्याचे सूत्र लिहिताना ती घागर माझ्या डोळ्यांपुढे असते.

आता मूळ विषयाकडे वळू.

कोड्याचा जन्म

आज जे शब्दकोडे आपण ओळखतो, ते फार जुने नाही. आर्थर विन या लिव्हरपूल येथे जन्मलेल्या पत्रकाराने न्यूयॉर्कच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात 21 डिसेंबर 1913 रोजी ते प्रथम छापले. त्याची आकृती चौकोनी नसून समभुज चौकोन टोकावर उभा करावा तशी होती, आणि त्यास त्याने ‘वर्ड-क्रॉस’ असे नाव दिले होते. पुढे थोड्याच दिवसांत नावातील दोन शब्दांची अदलाबदल होऊन ते ‘क्रॉस-वर्ड’ झाले आणि तेच टिकले. 1924 मध्ये न्यूयॉर्क येथे सायमन आणि शूस्टर या प्रकाशकांनी अशा कोड्यांचे पहिले पुस्तक काढले. प्रत्येक प्रतीबरोबर एक पेन्सिल दिलेली होती. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने 1925 मध्ये आणि ‘टाइम्स’ने 1930 मध्ये कोडे छापण्यास आरंभ केला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या खेळास 1924 मध्ये वेळेचा अपव्यय म्हणून हिणविले होते, पण 1942 मध्ये, महायुद्धाच्या काळात, त्यानेही आपल्या पानावर कोड्यास जागा दिली.

साध्या शब्दातही केवढे वजन असू शकते, याचे उदाहरण त्याच महायुद्धात घडले. ‘डेली टेलिग्राफ’ची कोडी रचणाऱ्यांत लेनर्ड डॉ नावाचे एक मुख्याध्यापक होते. 6 जून 1944 रोजी दोस्त राष्ट्रांच्या सेना फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. त्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांत डॉ यांच्या कोड्यांच्या उत्तरांत ‘यूटा’, ‘ओमाहा’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘मलबरी’ आणि ‘नेपच्यून’ हे शब्द एकामागून एक आले. हे सारे त्या मोहिमेतील गुप्त शब्द होते. गुप्तहेर खात्याचे अधिकारी मुख्याध्यापकांच्या दारी आले, त्यांची कसून चौकशी झाली. परंतु त्यांच्याकडे संशय घेण्याजोगे काहीच निघाले नाही. पुढे 1984 मध्ये त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने असे सांगितले की, कोड्याच्या चौकटीत शब्द भरण्याचे काम मुख्याध्यापक मुलांना देत असत, आणि शाळेजवळ तळ ठोकून राहिलेल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द मुलांनी त्यात घातले होते. मुलांना ते शब्द केवळ चांगले वाटले. त्यांच्या पोटी काय दडले आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. शब्द वापरण्यापूर्वी त्याचा अर्थ जाणावा, हा उपदेश इतक्या ठळकपणे क्वचितच कोणास मिळाला असेल!

मराठी कोड्याचे घर

इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसते, आणि त्या अक्षराबरोबर त्याचा काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सारे त्याच घरात येतात. जोडाक्षरालाही एकच घर. म्हणून पाण्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दास पाच घरे लागतात, तर आपल्या ‘पाणी’स दोनच पुरतात. ‘चक्र’ दोन घरांत राहतो आणि ‘पाणचक्की’ चार घरांत.

यामुळे मराठी कोडे रचणे एका बाजूने अवघड होते. ‘पाणी’तील दुसऱ्या घरातून उभा शब्द न्यावयाचा, तर त्यात ‘णी’च हवा, ‘ण’ किंवा ‘णि’ चालणार नाही. त्या ठिकाणी पेरणी, कापणी, मागणी, कहाणी असे शब्द कामास येतात. पण दुसऱ्या बाजूने हाच निर्बंध सोडविणाऱ्यास उपयोगी पडतो, कारण एक अक्षर मिळाले की त्याबरोबर स्वरही मिळतो. शुद्धलेखन तेवढे सर्वत्र एकसारखे असले पाहिजे. 1962 साली मान्य झालेल्या लेखननियमांप्रमाणे तत्सम शब्दांच्या शेवटचा इकार आपण दीर्घ लिहितो. म्हणून ‘जलधि’ हा शब्द आज मराठीत ‘जलधी’ होतो. एका शब्दात जुनी रीत आणि दुसऱ्यात नवी, असे केल्यास सोडविणाऱ्याची निष्कारण फसगत होते.

‘पाणी’ची कुळी

सूत्र रचण्यापूर्वी शब्दाची कुळी पाहावी. ‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगे, यावरून प्राकृतातून आपल्याकडे आला. संस्कृतात ‘पाणि’ असा दुसरा एक शब्द आहे. त्याचा अर्थ हात. या दोघांचा काही संबंध नाही. पण मराठीत दोघे कधी कधी एकाच वेषात भेटतात, आणि कोडे रचणाऱ्यास यापेक्षा मोठा आनंद नाही. ज्याच्या हाती चक्र आहे तो ‘चक्रपाणी’. यावर सूत्र असे बांधता येईल : ‘नावात पाणी दिसते, हातात मात्र चक्र.’ चार घरे. विवाहास ‘पाणिग्रहण’ म्हणतात, कारण त्यात वर वधूचा हात धरतो. त्यासाठी : ‘यात पाणी कोणी पीत नाही, हात धरतात.’ पाच घरे. ही दोन्ही सूत्रे वाचणाऱ्यास क्षणभर चकवितात. पण उत्तर सापडल्यावर ‘मला फसविले’ असे तो म्हणत नाही, ‘मला सुचावयास हवे होते’ असे म्हणतो. चांगल्या सूत्राची ओळख हीच.

आता सूत्रांचे प्रकार क्रमाने पाहू.

पहिला प्रकार : पर्यायशब्दाचे सूत्र

पाण्यास संस्कृतात पुष्कळ नावे आहेत : जल, नीर, तोय, पय, अंबु, वारि, उदक, सलिल. अमरकोशात तर कमल, वन, भुवन आणि जीवन हेही पाण्याच्या नावांत दिलेले आहेत. नुसते ‘पाणी’ एवढेच सूत्र देऊन दोन घरे ठेविली, तर बिचाऱ्या सोडविणाऱ्याने जल लिहावे की नीर, तोय की पय? असे सूत्र आळशी होय. निदान त्या शब्दाचे वैशिष्ट्य तरी सूत्रात आले पाहिजे. ‘जीवन’ या शब्दासाठी : ‘पाणीही तेच आणि आयुष्यही तेच.’ ‘वन’ यासाठी : ‘अमरकोशात पाणी, एरव्ही अरण्य.’ ‘पय’ या शब्दाचे पाणी आणि दूध असे दोन अर्थ आहेत, म्हणून : ‘दूध म्हणावे की पाणी? गवळ्याच्या सोयीचा शब्द.’ या तिन्ही ठिकाणी दुसरे उत्तर बसत नाही, कारण एका शब्दात दोन अर्थ आणून त्यांची गाठ मारली आहे.

दुसरा प्रकार : प्रत्ययाचे सूत्र

पाण्याच्या संस्कृत नावांस तीन लहान शेपट्या लावून मराठीने पुष्कळ शब्द घेतले आहेत. ‘ज’ म्हणजे जन्मलेले, ‘द’ म्हणजे देणारा, ‘धि’ म्हणजे धारण करणारा. जलज म्हणजे कमळ, जलद म्हणजे ढग, जलधी म्हणजे समुद्र. त्याच रीतीने नीरज, नीरद, अंबुज, अंबुद, तोयद, पयोद, पयोधी हे शब्द होतात. हे सूत्र एकदा कळले की पाठांतराचा भार निम्मा उतरतो. यांतील ‘जलद’ तर कोडेकारासाठीच जन्मलेला दिसतो. संस्कृतात तो ढग आहे आणि अरबी-फारसीच्या वाटेने आलेला दुसरा ‘जलद’ म्हणजे लवकर. सूत्र इतकेच पुरे : ‘पाणी देणारा, तोही लवकर.’

तिसरा प्रकार : समासाचे सूत्र

‘पाणी’ दुसऱ्या शब्दास जोडला की तो पुष्कळदा ‘पाण’ असे आखूड रूप घेतो. आता पाहा : पाणपोई, पाणवठा, पाणलोट, पाणबुडी, पाणघोडा, पाणचक्की. हे सहाही शब्द ‘पा’ आणि ‘ण’ या अक्षरांनी सुरू होतात आणि सहाही चार घरांचे आहेत. म्हणून यांच्यावर सूत्र लिहिणे ही कसोटीची गोष्ट आहे. ‘पाण्याशी संबंध असलेली जागा’ असे लिहिले, तर पाणवठा, पाणपोई आणि पाणलोट तिन्ही पुढे येऊन उभे राहतील. त्याऐवजी प्रत्येकाचा स्वभाव सांगावा.

पाणपोई : ‘दाम न घेता तहान भागविते, उन्हाळ्यात उघडते.’
पाणवठा : ‘गावातल्या बातम्या येथे घागरीबरोबर भरल्या जात.’
पाणलोट : ‘या क्षेत्रात पडलेला पाऊस एकाच ओढ्याला मिळतो.’
पाणबुडी : ‘बुडाली तरी बुडाली नाही.’
पाणघोडा : ‘नावाने घोडा, पण खोगीर कोणी घालीत नाही.’
पाणचक्की : ‘ओघाने फिरते आणि पीठ देते.’

जुन्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अशी एक पाणचक्की प्रसिद्ध आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी नळांनी आणून त्याच्या जोरावर तेथे धान्य दळले जात असे. सहलीस गेलात तर ती अवश्य पाहा. एकदा पाहिलेला शब्द विसरला जात नाही.

चौथा प्रकार : वाक्प्रचाराचे सूत्र

मराठी माणसाच्या बोलण्यात पाणी जितके वाहते, तितके कित्येक गावांच्या नळांतूनही वाहत नसेल. आपण हक्कावर पाणी सोडतो, प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजतो, नव्या माणसाचे पाणी जोखतो, एखाद्याला पाण्यात पाहतो. चिंच पाहून तोंडाला पाणी सुटते, हिशेब जुळला नाही तर कोठेतरी पाणी मुरते आहे असे म्हणतो, आणि अनुभवी माणसाला बारा गावचे पाणी प्यालेला म्हणतो. ‘पाणी सोडणे’ यात जुन्या दानविधीची आठवण आहे. दान देताना दात्याने हातावरून पाणी सोडले की त्या वस्तूवरील त्याची मालकी संपली. विधी पाहिलेला नाही असा मनुष्यही तो वाक्प्रचार आज सहज वापरतो.

वाक्प्रचारातील एक शब्द गाळून तो ओळखावयास सांगणे, हे सूत्र सोपे वाटते. परंतु यातच घागरीचा खड्डा आहे. ‘श्रमांवर पाणी ….’ असे सूत्र देऊन तीन घरे ठेवा. कोणी ‘पडणे’ लिहील, कोणी ‘फिरणे’ लिहील. दोन्ही तीन अक्षरांचे, दोन्हींच्या शेवटी ‘णे’, दोन्ही मराठीत रूढ. पहिले घर उभ्या शब्दाने बांधलेले नसेल, तर येथे कोणालाही चूक म्हणता येणार नाही. ‘हक्कावर पाणी ….’ असे दिले, तर मात्र ‘सोडणे’ हेच उत्तर येते. वाक्य बदलले की सूत्र प्रामाणिक होते.

पाचवा प्रकार : लाक्षणिक अर्थाचे सूत्र

पाणी म्हणजे तेजही. मोत्याचे पाणी, तलवारीचे पाणी, पाणीदार डोळे असे आपण म्हणतो. लोहार तापलेले पाते पाण्यात बुडवितो, तेव्हा त्यास धार टिकविण्याचे सामर्थ्य येते. त्यास पात्याला पाणी देणे म्हणतात. यावरूनच माणसाच्या अंगी पाणी आहे असे म्हणू लागले, आणि ते उतरविले तर ‘पाणउतारा’ झाला. सूत्र : ‘यात उतरते ते विहिरीचे पाणी नव्हे, माणसाचे.’ पाच घरे.

फारसी भाषेतही हीच कल्पना आहे. तेथे ‘आब’ म्हणजे पाणी आणि तेजही. ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ती ‘आबरू’. पाच पाण्यांचा, म्हणजे पाच नद्यांचा, प्रदेश तो ‘पंजाब’. आणि ‘गुलाब’ हा शब्द मुळात फुलाचे नाव नसून फुलाच्या पाण्याचे, म्हणजे गुलाबपाण्याचे, नाव होता. मराठीत आपण गुलाबपाणी म्हणतो, तेव्हा पाणी दोनदा ओततो! दोन दूरच्या भाषांना पाणी आणि अब्रू यांचे नाते सारखेच सुचावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या प्रदेशात पाण्याचे मोल कळते, तेथेच असे शब्द रूढ होत असावेत.

काही शब्दांत इतिहासाची कळही असते. ‘या पाण्यास रंग होता आणि भयही’ या सूत्राचे दोन घरांचे उत्तर ‘काळे’. अंदमानात धाडण्याच्या शिक्षेस लोक काळे पाणी म्हणत. तेथील सेल्युलर जेलची इमारत 1906 मध्ये पुरी झाली. असे सूत्र लिहिताना थट्टेचा सूर टाळावा, हे सांगावयास नकोच.

सूत्राचा धर्म

सूत्राने सोडविणाऱ्यास चकवावे की नाही? अवश्य चकवावे. पण चकविणे आणि फसविणे यांत अंतर आहे. इंग्लंडात ‘आफ्रिट’ या टोपणनावाने कोडी रचणारे ए. एफ. रिची हे वेल्स येथील कॅथीड्रल शाळेचे मुख्याध्यापक होते. 1949 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी या विषयाचा नियम घालून दिला. त्याचा भावार्थ असा की, कोडेकाराने वाचकाला भलतीकडे पाहावयास लावले तरी हरकत नाही, परंतु कागदावर लिहिलेल्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला असता तो उत्तराकडेच गेला पाहिजे. माझ्या सूत्रात हीच उणीव होती. माझे शब्द सागराकडे जात होते, तसेच घागरीकडेही जात होते.

हा प्रश्न केवळ वर्गापुरता नाही. आपल्याकडे एके काळी प्रवेशमूल्य घेऊन मोठमोठी रोख बक्षिसे देणाऱ्या शब्दकोड्यांच्या स्पर्धांचे पेव फुटले होते. त्यांतील पुष्कळ सूत्रे अशी असत की दोन शब्द सारखेच शोभावेत, आणि कोणता ‘बरोबर’ ते लखोट्यात बंद करून ठेवलेल्या उत्तरावरून ठरावे. कित्येक कुटुंबांतील पैसा त्या मार्गाने पाण्यासारखा गेला. मुंबई इलाख्यात 1948 मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. 1955 च्या केंद्रीय कायद्याने महिन्याच्या बक्षिसांची एकूण रक्कम एक हजार रुपयांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन घातले. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात असा निर्णय दिला की, ज्या स्पर्धेतील यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून नाही, तो जुगार होय. त्यास धंद्याच्या स्वातंत्र्याचे संरक्षण मिळणार नाही.

विद्यार्थ्यांनो, यातील मर्म ध्यानी घ्या. ज्या सूत्रास एकच उत्तर आहे ती विद्या. ज्यास दोन सारखी उत्तरे असून एकालाच बक्षीस आहे तो जुगार. चौकट तीच, शाई तीच, शब्दही तेच. सूत्राच्या प्रामाणिकपणावर सारा फरक. न्यायालयाने देशाला जे सांगितले, तेच आमच्या वर्गातील त्या मुलीने मला आपल्या भाषेत सांगितले होते.

एक लहानसे कोडे

आता आपण प्रत्यक्ष एक कोडे रचू. तीन घरे रुंद आणि तीन घरे उंच अशी चौकट काढा; मधले एक घर काळे करा. वरच्या डाव्या घरास 1, वरच्या उजव्या घरास 2 आणि खालच्या डाव्या घरास 3 असे आकडे द्या. म्हणजे दोन आडवे आणि दोन उभे, असे तीन-तीन अक्षरांचे चार शब्द होतात. सूत्रे अशी :

आडवे
1. आभाळाने सोडलेले पाणी. वेळेवर आले तर पीक, अवेळी आले तर संकट.
3. पाय चिखलात, तोंड पाण्याबाहेर, लक्ष्मीचे आसन.

उभे
1. पाण्यात धुऊन शिजविला तर भाजी. आज्ञा पाळली तर आई-वडील.
2. वळण ठाऊक नसलेले. नदीच्या पाण्याला अशी वाट फार वेळ मिळत नाही.

पुढे वाचण्यापूर्वी थोडा वेळ थांबा आणि पेन्सिल हाती घ्या.

उत्तर असे :

पा ऊ स
ल ■ र
क म ळ

पहिला आडवा पाऊस, तिसरा आडवा कमळ, पहिला उभा पालक, दुसरा उभा सरळ. आता याची परीक्षा करू. डाव्या उभ्या शब्दात ‘पा’ आणि ‘क’ ही दोन अक्षरे आडव्या शब्दांनी बांधलेली आहेत. मधले घर मोकळे आहे. त्या मोकळ्या घरात ‘व’ घातला तर पावक होतो, ‘त’ घातला तर पातक, ‘च’ घातला तर पाचक. चौकट या सर्वांना आत घेण्यास तयार आहे. त्यांना दाराबाहेर ठेवते ते सूत्र. पावक म्हणजे अग्नी, तो शिजवितो, पण भाजी नव्हे. पातकाची आज्ञा पाळू नये, हे निराळे सांगावयास नको. उजवीकडे सरळ, सबळ, सकळ, सढळ हे सारे बसतात. ‘वळण ठाऊक नसलेले’ एवढ्या शब्दांनी सरळ हाच उरतो. वरच्या ओळीत पाऊस, पायस आणि पारस असे तीन शब्द बसतील. पण पायस आभाळातून पडत नाही, पडते तर किती बरे झाले असते! तेव्हा नियम हा : जेथे चौकट मोकळी, तेथे सूत्र घट्ट असले पाहिजे.

सुटीतील अभ्यास

वाचून झाल्यावर पुढील अभ्यास अवश्य करावा. ‘हात’, ‘डोळा’, ‘पोट’, ‘वाट’ आणि ‘मान’ यांपैकी एक शब्द घ्या. त्याचे पर्याय, त्याचे समास, त्याचे वाक्प्रचार आणि त्याचे लाक्षणिक अर्थ अशा चार याद्या करा. ‘मान’ घेतल्यास तो गळ्यामागे असतो, समारंभात मिळतो आणि मोजमापातही येतो, हे ध्यानात ठेवा. मग प्रत्येक यादीतून दोन शब्द निवडून सूत्रे लिहा आणि ती घरातील तिघांना निरनिराळी विचारा. तिघांचे उत्तर एक आले, तर सूत्र उत्तम. दोन उत्तरे आली, तर रागावू नका आणि सोडविणाऱ्यास हसू नका. सूत्र पुन्हा लिहा.

पालकांस एक विनंती आहे. मुलांनी असा प्रश्न विचारला, तर काम बाजूस ठेवून दोन मिनिटे द्यावीत. आजीच्या तोंडी असलेले पाण्याचे कित्येक शब्द आता कोशातही शोधावे लागतात. रहाट, मोट, पोहरा, चर्‍हाट, घंगाळ, डोण हे शब्द ज्यांच्या हातांतून गेले आहेत, अशी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. मुलांच्या वहीत ते शब्द उतरले, तर एका पिढीचे धन दुसरीच्या पदरी पडेल. आडात असेल तरच पोहऱ्यात येणार, हे आपण जाणताच.

शेवटी पुन्हा त्या घागरीकडे येतो. लाल शाईची ती फुली असलेला कागद मी अजून जपून ठेविला आहे. नवे कोडे रचून झाले की प्रत्येक सूत्र मी एकदा त्या मुलीच्या जागी बसून वाचतो आणि स्वतःस विचारतो, ‘दुसऱ्या कोणाच्या अनुभवात याचे दुसरे खरे उत्तर तर नाही ना?’ आपल्या मनातील उत्तर हेच जगातील एकमेव उत्तर, असे मानण्याचा मोह शिक्षकास फार असतो. तुम्हीही पुढे कोणी शिक्षक व्हाल, कोणी परीक्षक, कोणी पंच, कोणी न्यायाधीश. तेव्हा दुसऱ्याच्या कागदावर फुली मारण्यापूर्वी आपले सूत्र एकदा तपासून पाहा.